छोट्या मिररलेस कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स जुळेल का? खरेदीपूर्वी तपासण्याच्या पायऱ्या

खानदेशात मॅक्रो छायाचित्रणासाठी, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून मोठ्या टिपण्यासाठी, विषयांची वाण नाही. कपाशीच्या डोमकळीत (अळीमुळे मिटून राहिलेल्या फुलात) दडलेली गुलाबी बोंडअळी, केळीच्या पानावर उमटणाऱ्या करप्याच्या पहिल्या पिवळसर रेषा, जळगावच्या सराफ बाजारातील दागिन्यांवरील बारीक काम आणि पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी दिसणारे चतुर व फुलपाखरे, हे सारे उघड्या डोळ्यांनी जेवढे दिसते त्याहून कितीतरी अधिक तपशिलाचे असते. त्यामुळे हलका मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतलेल्या अनेकांना काही महिन्यांतच मॅक्रो लेन्स हवीशी वाटते, आणि मग पहिला प्रश्न येतो तो हा, की बाजारात आलेली एखादी नवी मॅक्रो लेन्स आपल्या छोट्या कॅमेऱ्याला शोभेल का.

दुकानात या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात मिळते: "माउंट एकच आहे, बसेल." माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारे कडे. हे उत्तर खरे असते, पण अपुरे असते. लेन्स बसणे ही केवळ पहिली अट झाली. ती लेन्स आपल्या विषयाला, आपल्या सेन्सरला (कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणाऱ्या भागाला) आणि हाताच्या स्थिरतेला जुळते का, हे वेगळे तपासावे लागते, आणि ही तपासणी पैसे देण्यापूर्वी घरबसल्या, पट्टी व कागद घेऊन करता येते. यावल-रावेरच्या केळीबागांत आणि चोपड्याकडच्या कपाशीच्या वावरांत किडींची छायाचित्रे काढताना मला जे उपयोगी पडले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

हाताशी काय असावे

कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका, हव्या असलेल्या लेन्सचे कंपनीने दिलेले तपशील, पोलादी मिलिमीटर पट्टी, स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि वही एवढे साहित्य पुरेसे आहे. लेन्सच्या तपशिलांतून कमाल मॅग्निफिकेशन (वस्तूच्या तुलनेत सेन्सरवरील प्रतिमेचा आकार), किमान फोकस अंतर, लांबी, वजन आणि फिल्टरचा व्यास या पाच गोष्टी आधीच वहीत उतरवून घ्याव्यात.

१. आधी विषय ठरवा

"सगळेच काढायचे आहे" हे उत्तर येथे चालत नाही. पळून न जाणारा विषय (दागिना, नाणे, जुने दस्तऐवज, बी-बियाणे) आणि पळून जाणारा विषय (चतुर, फुलपाखरू, तुडतुडे) यांना लागणाऱ्या लेन्स निराळ्या असतात. विषयाचा आकारही लिहून ठेवावा. पूर्ण वाढलेली गुलाबी बोंडअळी साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर लांब असते, तर पांढरी माशी आणि फुलकिडे जेमतेम एक मिलिमीटरचे असतात. हा फरक पुढच्या प्रत्येक पायरीवर उपयोगी पडेल.

२. माउंट आणि अॅडॉप्टर पडताळा

सोनीच्या छोट्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांवर त्याच कंपनीच्या फुलफ्रेम (मोठ्या, ३६ × २४ मिलिमीटर सेन्सरसाठीच्या) मिररलेस लेन्स थेट बसतात, कारण दोहोंचा ई-माउंट एकच आहे. निकॉनच्या झेड आणि कॅननच्या आरएफ माउंटचेही तसेच आहे. कॅननचा जुना ईएफ-एम माउंट मात्र आरएफ लेन्स मुळीच स्वीकारत नाही, त्यामुळे एम मालिकेतील कॅमेरा असणाऱ्यांनी नाव नीट वाचावे.

डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी) बनलेल्या जुन्या मॅक्रो लेन्स अॅडॉप्टरने, म्हणजे मधल्या जोडकड्याने, बसू शकतात, कारण मिररलेस कॅमेऱ्यात माउंट ते सेन्सर हे अंतर कमी असते. निकॉनच्या एफ-माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, तर सोनीच्या ई-माउंटमध्ये १८ मिलिमीटर आहे. उरलेली जागा अॅडॉप्टर भरून काढतो. साधा, विद्युत जोडणी नसलेला अॅडॉप्टर घेतल्यास फोकस हाताने करावा लागतो आणि अॅपर्चरसाठी लेन्सवर स्वतंत्र कडे असावे लागते. अॅपर्चर म्हणजे लेन्समधील उजेड आत सोडणारे छिद्र; त्याचे माप एफ/२.८, एफ/८ असे लिहितात आणि आकडा जेवढा मोठा तेवढे छिद्र बारीक. मॅक्रोमध्ये हाताने फोकस करणे ही अडचण नाही, परंतु अॅपर्चर बदलता न येणे ही मोठी अडचण आहे. अशी लेन्स लावल्यावर काही कॅमेऱ्यांचे शटर दबतच नाही. मेनूमध्ये लेन्स नसतानाही शटर सुटू देण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा.

३. खरे मॅग्निफिकेशन मोजा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. १:१ मॅग्निफिकेशन म्हणजे वस्तूची सेन्सरवरील प्रतिमा वस्तूएवढीच असणे. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्म यांच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर, कॅननच्या एपीएस-सीची सुमारे २२.३ मिलिमीटर आणि मायक्रो फोर थर्ड्स या आणखी छोट्या प्रकारच्या सेन्सरची १७.३ मिलिमीटर असते. म्हणजे १:१ वर एपीएस-सी कॅमेऱ्याच्या चौकटीत २३-२४ मिलिमीटर रुंदीचा भाग भरतो, तर मायक्रो फोर थर्ड्समध्ये १७ मिलिमीटरचा. छोटा सेन्सर ही येथे उणीव ठरत नाही. सव्वा सेंटिमीटरची अळी त्या १७ मिलिमीटरच्या चौकटीत अधिक भरून बसते.

आता पिक्सेलचा हिशेब करा. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात आडवे सुमारे ६००० पिक्सेल असतात. ६००० भागिले २३.५, म्हणजे १:१ वर प्रत्येक मिलिमीटरला सुमारे २५५ पिक्सेल मिळतात. एक मिलिमीटरची पांढरी माशी त्यात ओळखू येते, तिचे पंखही दिसतात. लेन्स केवळ १:२ पर्यंत जात असेल, तर तीच माशी सव्वाशे पिक्सेलमध्ये येईल आणि १:४ असेल तर पासष्टेक पिक्सेलमध्ये. तेवढ्यात ती माशी आहे की धुळीचा कण, हे सांगता येणार नाही.

येथे दोन सापळे आहेत. पहिला असा, की अनेक झूम लेन्सवर "मॅक्रो" हा शब्द छापलेला असतो, पण त्यांचे मॅग्निफिकेशन १:४ च्या आसपासच थांबते. काही चांगल्या प्राइम लेन्सही (एकाच फोकल लांबीच्या, झूम न होणाऱ्या; ही लांबी लेन्सच्या नावात मिलिमीटरमध्ये असते) १:२ पर्यंतच जातात. कॅननची आरएफ ३५ मिलिमीटर एफ/१.८ मॅक्रो आणि फुजीफिल्मची ६० मिलिमीटर एफ/२.४ या त्यांतल्या. फुले, पदार्थ, बोंडे आणि केळीचे घड यांसाठी त्या उत्तम आहेत, मात्र फुलकिड्यांसाठी त्या पुरणार नाहीत. दुसरा सापळा "३५ मिलिमीटर समतुल्य", म्हणजे फुलफ्रेमशी तुलना करून दिलेला आकडा, या शब्दांत आहे. मायक्रो फोर थर्ड्सच्या ६० मिलिमीटर एफ/२.८ मॅक्रोपुढे समतुल्य मॅग्निफिकेशन दुप्पट लिहिलेले दिसते, पण तिचे खरे मॅग्निफिकेशन १:१ आहे. हिशेब नेहमी खऱ्या आकड्यावर करावा.

४. वर्किंग डिस्टन्स काढा

कंपनी जे किमान फोकस अंतर छापते, ते सेन्सरपासून मोजलेले असते. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूस वर्तुळाला छेदणारी एक आडवी रेघ कोरलेली असते, तेथून. आपल्याला हवे असते ते लेन्सच्या तोंडापासून विषयापर्यंतचे अंतर, म्हणजे वर्किंग डिस्टन्स. फोकस करताना ज्या लेन्सची लांबी बदलत नाही, तिच्यासाठी हे गणित सोपे आहे: किमान फोकस अंतरातून लेन्सची लांबी आणि माउंट ते सेन्सर हे अंतर वजा करावे. सोनीच्या ९० मिलिमीटर एफ/२.८ मॅक्रोचे किमान फोकस अंतर २८ सेंटिमीटर आहे, तिची लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आणि माउंटचे अंतर १.८ सेंटिमीटर. उरतात सुमारे १३ सेंटिमीटर. निकॉनच्या झेड १०५ मिलिमीटर मॅक्रोमध्येही जवळजवळ तेवढेच उरतात. मायक्रो फोर थर्ड्सची ६० मिलिमीटर मॅक्रो सुमारे नऊ सेंटिमीटर देते.

याउलट सोनीची ई-माउंट ३० मिलिमीटर एफ/३.५ मॅक्रो १:१ पर्यंत जाते, वजनाने केवळ १३८ ग्रॅम आहे आणि छोट्या कॅमेऱ्यावर फार देखणी दिसते, परंतु १:१ वर तिच्या तोंडापुढे फक्त २.४ सेंटिमीटर जागा उरते. तेवढ्या जवळ गेल्यावर लेन्सची सावली विषयावर पडते आणि चतुर तर त्याआधीच उडून जातो. दागिन्यांच्या बाबतीत चकचकीत सोन्यात लेन्सचे काळे तोंड उमटते. सपाट दस्तऐवज, नाणी किंवा बियाणे अर्ध्या आकारात टिपायची असतील, तर मात्र हीच लेन्स सोयीची आहे, कारण टेबलावर कॅमेरा उंच टांगावा लागत नाही. निकॉनची झेड ५० मिलिमीटर मॅक्रो साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास जागा देते. हाताला सावकाशीची सवय झाली की बोंडअळीसारख्या मंद विषयाला ती पुरते.

कपाशी-केळीतल्या किडींसाठी माझे मत स्पष्ट आहे. वर्किंग डिस्टन्स आठ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेली लेन्स पहिली लेन्स म्हणून घेऊ नये.

५. वजन, तोल आणि स्थिरता तपासा

सोनीचा ए६४०० बॅटरीसह सुमारे ४०३ ग्रॅम भरतो आणि वर सांगितलेली ९० मिलिमीटर लेन्स ६०२ ग्रॅम. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याहून दीडपट जड झाली. असा जोड उजव्या हाताने पकडायचा नसतो. डावा तळहात लेन्सखाली ठेवून सर्व भार त्यावर घ्यावा लागतो आणि उजवा हात केवळ शटरसाठी राहतो. गळ्यातला पट्टा कॅमेऱ्याच्या छोट्या कड्यांना ओढतो, म्हणून चालताना लेन्सला आधार द्यावा. ही जुळणी वापरण्याजोगी आहे, पण छोटा कॅमेरा घेण्यामागे खिशात-पिशवीत मावण्याचा जो हेतू होता, तो तिने संपतो. ज्यांना तो हेतू प्रिय आहे त्यांना ऑलिंपसच्या ओएम-डी ई-एम१० मार्क ४ सारखा ३८३ ग्रॅमचा मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आणि १८५ ग्रॅमची ६० मिलिमीटर मॅक्रो हा जोड अधिक मानवेल.

घरच्या वजनकाट्यावर एक प्रयोग करता येतो. हव्या असलेल्या लेन्सच्या वजनाएवढी, तितक्याच लांबीची पाण्याची बाटली डाव्या हातात आणि कॅमेरा उजव्या हातात धरून, वाकलेल्या स्थितीत पाच मिनिटे थांबून पाहावे. कपाशीच्या ओळीत बसून अळीची वाट पाहताना नेमके हेच करावे लागते.

स्थिरतेचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. सोनीचे ए६०००, ए६१००, ए६३००, ए६४००, निकॉनचे झेड३०, झेड५०, झेड एफसी आणि कॅननचे आर५०, आर१० यांच्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही. ए६५००, ए६६००, ए६७०० आणि कॅननच्या आर७ मध्ये ती आहे. बॉडीत ती नसेल, तर लेन्समध्ये आहे का ते पाहावे. सोनीच्या ९० मिलिमीटर मॅक्रोत आहे, ३० आणि ५० मिलिमीटर मॅक्रोत नाही. दोन्हीकडे नसेल तर मोनोपॉडचा (एकपायी आधाराचा) खर्च लेन्सच्या किमतीतच धरावा. यंत्रणा असली, तरी १:१ च्या जवळ तिचा परिणाम बराच घटतो, कारण तेथे कॅमेरा तिरका होण्यापेक्षा त्याचे पुढे-मागे आणि आजूबाजूला सरकणे जास्त घातक ठरते. पुढे-मागे सरकल्याने फोकस सुटतो, तो कोणतीच यंत्रणा सावरत नाही.

६. उजेडाचा हिशेब करा

नवागतांना सर्वाधिक धक्का येथे बसतो. लेन्सवर एफ/२.८ लिहिलेले असले, तरी १:१ वर सेन्सरपर्यंत पोहोचणारा उजेड सुमारे एफ/५.६ एवढाच असतो. एफ/८ लावले तर तो एफ/१६ सारखा होतो. असे असूनही एफ/८ लावावेच लागते, कारण एपीएस-सी कॅमेऱ्यावर १:१ मॅग्निफिकेशनला एफ/८ वर फोकसमध्ये राहणारी खोली पाऊण मिलिमीटरही नसते. अॅपर्चर आणखी बारीक करून खोली वाढवावी, तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडू लागते. माझ्या मते एफ/८ ते एफ/११ ही कामाची मर्यादा आहे.

भर उन्हात एफ/१६ ला जेवढा आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता), सेकंदाचा तेवढावा भाग शटर, हा जुना नियम धरला तर आयएसओ ४०० वर १/४०० सेकंद मिळतो आणि काम भागते. पण उन्हाळ्याच्या दुपारी वावरात उभे राहणे ना कॅमेऱ्याला मानवते ना माणसाला, आणि किडीही पानाच्या खालच्या बाजूला सरकतात. केळीच्या बागेतल्या सावलीत तर उजेड कित्येक पटींनी घटतो. म्हणून फ्लॅश लागतोच, आणि म्हणूनच कॅमेऱ्यावर फ्लॅशचा हॉटशू (बाहेरचा फ्लॅश बसवण्याची खाच) आहे का हे लेन्स घेण्यापूर्वी पाहावे. सोनी ए५१०० सारख्या अगदी छोट्या बॉडींवर तो नसतो. उघडणारा छोटा फ्लॅश असतो, पण लांब लेन्स त्याच्या उजेडाच्या आड येते. काही नव्या कॅमेऱ्यांच्या शूमधील जोडणी वेगळी असल्यामुळे जुना फ्लॅश त्यावर चालत नाही, हेही पडताळावे.

साधा फ्लॅश, त्यापुढे बटर पेपर किंवा पातळ पांढऱ्या प्लॅस्टिकचा वाकवलेला पडदा, एवढ्यावर उत्तम काम होते. कमी शक्तीवर फ्लॅशचा उजेड इतका थोडा वेळ टिकतो, की वाऱ्याने हलणारे पानही स्थिर दिसते. वाऱ्यापासून संरक्षणासाठी केळीबागेच्या कडेला लावलेल्या शेवरीच्या आडोशाला, सकाळी लवकर काम केल्यास अर्धी अडचण तशीच सुटते. हिवाळ्यात त्या वेळी किडीही गारठून जागीच असतात.

७. लेन्सआधी स्वस्त पर्याय वापरून पाहा

आपल्याकडे टेलिझूम (दूरचे जवळ आणणारी झूम लेन्स) असेल, तर तिच्या तोंडावर क्लोज-अप लेन्स, म्हणजे भिंगासारखी जोडलेन्स, लावून पाहावी, असा माझा आग्रह आहे. रेनॉक्स डीसीआर-२५० ही आठ डायॉप्टरची (भिंगाच्या शक्तीचे माप) आहे आणि ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर कड्यावर चिमट्यासारखी बसते. झूम १२५ मिलिमीटरवर आणि फोकस अनंतावर ठेवला, की जवळपास १:१ मिळते. २०० मिलिमीटरवर ते १.६ पट होते, आणि विषयापर्यंतचे अंतर दोन्ही वेळा साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास राहते. सोनीच्या ५५-२१० मिलिमीटर झूमचे फिल्टर कडे ४९ मिलिमीटरचे असल्याने तिला ४९-५२ ची स्टेप-अप रिंग (व्यास वाढवणारे जोडकडे) लागते. त्या झूममध्ये स्थिरतेची यंत्रणा आधीच असते, हा आणखी एक लाभ. कडेला चित्र थोडे मऊ पडते, परंतु कीड ओळखण्यासाठी पाठवायच्या छायाचित्राला ते पुरेसे असते.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, हा दुसरा मार्ग आहे. ट्यूबची लांबी भागिले फोकल लांबी एवढे मॅग्निफिकेशन वाढते. १० आणि १६ मिलिमीटरच्या ट्यूब एकत्र करून ५० मिलिमीटर प्राइमवर लावल्या, तर ०.५२ ची भर पडते. त्या विद्युत जोडणीच्याच घ्याव्यात, नाहीतर अॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. किट झूमच्या (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सच्या) रुंद टोकाला या ट्यूब निरुपयोगी ठरतात, कारण फोकस लेन्सच्या आतच पडतो.

या साधनांनी एक हंगाम काढल्यावर आपल्याला किती मॅग्निफिकेशन आणि किती अंतर लागते, हे कोणत्याही विक्रेत्यापेक्षा आपल्यालाच अधिक नेमके कळते.

८. दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर चाचणी घ्या

कॅमेरा, भरलेली बॅटरी, रिकामे कार्ड आणि ती पोलादी पट्टी घेऊन जावे. लेन्स लावून तिच्या सर्वांत जवळच्या फोकसवर पट्टीचे छायाचित्र काढावे आणि चौकटीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजावे. एपीएस-सीवर २३-२४ दिसले (कॅननवर २२) तर लेन्स १:१ आहे, आणि ४७ च्या आसपास दिसले तर १:२. त्यानंतर भिंतीवर सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे, कॅमेरा तिच्याशी समांतर ठेवून छायाचित्र काढावे आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एकच कोपरा धूसर असेल तर आतील भिंग सरकलेले असण्याची शक्यता असते.

वापरलेली लेन्स घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च तिच्यातून तिरका मारून बुरशीचे जाळे आहे का, अॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का हे पाहावे. लग्नसराईत मॅक्रो लेन्स अंगठ्या आणि मेंदीसाठी फार वापरली जाते, त्यामुळे आपल्या ओळखीच्या छायाचित्रकाराकडे ती असण्याचा चांगला संभव आहे. हंगाम संपल्यावर एखादा दिवस ती मागून घेतल्यास दुकानातील पाच मिनिटांपेक्षा पुष्कळ कळते.

९. खरेदीची कागदपत्रे आणि नंतरची काळजी

जीएसटीचे पक्के बिल, त्यावर लेन्सचा अनुक्रमांक, आणि भारतात लागू असलेले वॉरंटी कार्ड या तिन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. बिलावरील अनुक्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी तेथेच ताडून पाहावा. वॉरंटी परदेशातील असलेली लेन्स स्वस्त मिळते, पण दुरुस्तीच्या वेळी तो फरक भरून निघतो. ऑनलाइन घेतल्यास खोके उघडताना चित्रफीत काढून ठेवावी आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी पट्टीची चाचणी उरकावी.

पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा बंद गाडीत ती ठेवू नये. वावरात लेन्स बदलण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा, आणि बदलावीच लागली तर कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून बदलावी. फवारणी झालेल्या शेतात छायाचित्रासाठी लगेच शिरू नये. कोणते औषध केव्हा मारले हे शेतमालकाला विचारूनच आत जावे, कारण मॅक्रोमध्ये चेहरा पानापासून वीतभर अंतरावर असतो. यावल अभयारण्याच्या हद्दीत जायचे असल्यास वनविभागाची परवानगी आधीच घ्यावी, आणि फ्लॅश वापरता येईल का हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.